मामांची शिट्टी

१२ फेब्रुवारी

प्रिय खटपट्या,

अनेक आशीर्वाद. पार्सल बघून दचकू नकोस. आत बाबांचं इंजिन आहे. ते रेल्वेतून निवृत्त झाले तेव्हा इंजिनांच्या शेडमधल्या लोकांनी दिलेलं, काचेच्या पेटीतलं. एवढा घोडा झालास तरी आलास की त्या पेटीला नाक लावून बसायचास, तेच.

बाबांची उजवी बाजू पक्षाघाताने गेली ती गेलीच. वाचाही नाही. कान मात्र तिखट आहेत. शेजारच्या घरात चमचा पडला तरी मान वळते. म्हणून फोन करत नाही, पत्र लिहिते. आमच्या भिंती नावालाच आहेत.

मागे तू सांगत होतास की हल्ली छोट्या इंजिनात आवाजाचा डिकोडर बसवता येतो. वाफ, ब्रेक, शिट्टी, सगळं हुबेहूब. तर याला बसव. सुताराकडून बाबांच्या पलंगाभोवती भिंतीला फळी ठोकून घेतली आहे, तिच्यावर रूळ टाकायचे. मला त्यांना त्यांचं इंजिन ऐकवायचं आहे. शिट्टी बाजारातली कुठलीही चालणार नाही. त्यांची पाहिजे.

दिवसभर शिलाई मशीनवर बसणारी बाई खेळण्यातलं इंजिन मागते म्हणून हसायचं असेल तर हस. पण काम नीट कर.

तुझी,
ताई


२४ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार. पार्सल आल्या आल्या मी स्क्रू सोडवायला बसलो, तर बायको म्हणाली, “अहो, बहिणीने काय लिहिलंय ते तरी पुरतं वाचा.” वाचलं.

मामांसाठी तू हे करतेस! माझी आई म्हणायची, दादाची पोरगी जरा तुसडी आहे. आई असती तर आज तिच्या पुढ्यात हे पत्र ठेवलं असतं.

आता कामाचं. बॉयलरमध्ये मोटर आणि वजनाचं शिसं असं काही कोंबलंय की मुंगीलाही जागा नाही. त्यामुळे आवाजाचा सगळा संसार मागच्या कोळशाच्या गाडीत थाटणार. तळाला स्पीकर, तोंड रुळाकडे. त्यावर डिकोडर, नखापेक्षा जरा मोठी पट्टी. वर खऱ्या कोळशाचा चुरा चिकटवून देतो. आतापर्यंत रुळातली वीज थेट मोटरमध्ये जायची. ती वाट आधी तोडायची. एखादी तार चुकून चिकटून राहिली तर डिकोडर पहिल्याच झटक्याला जळतो. यापुढे वीज आधी डिकोडरकडे येणार, आणि तो सोडेल तेवढीच मोटरला मिळणार.

मग प्रोग्रॅमिंग. कुठल्या बटणाला कुठला आवाज, तो किती मोठा, चाकाच्या एका फेऱ्यात भकभक किती, हे सगळं आकड्यांत लिहून डिकोडरला शिकवायचं. त्यात माझा हात बसलेला आहे. अडलंय ते शिट्टीपाशी.

मला ती अजून ऐकू येते गं. सुट्टीत तुमच्याकडे आलो की मी मागच्या भिंतीवर चढून वाट बघायचो. वळणावर शिट्टी व्हायची आणि मामी हातातलं काम टाकून आत पळायची. मला वाटायचं, नवरा येतोय म्हणून किती आनंद! मी शेडकडे धूम ठोकायचो. एकदा मामांनी मला वर इंजिनात घेतलं आणि शिट्टीची दोरी हातात दिली. तेव्हापासून मी यंत्रांच्या नादाला लागलो तो आजतागायत.

आधी एक लांब, मग आखूड. पण आखूड दोन होत्या की तीन? तुला आठवतं का?

तुझा,
खटपट्या


३ मार्च

प्रिय खटपट्या,

आखूड दोन.

लांब आहे ती सरळ नाही. सुरुवातीला घोगरी, मग चढते, आणि सुटताना जिना उतरल्यासारखी खाली येते. मग श्वास घ्यायला पुरेल एवढी जागा. मग दोन आखूड, दुसरी पहिलीच्या अंगावर आल्यासारखी. फाटकापाशी सुरू व्हायची, पाण्याच्या टाकीपाशी संपायची. तिथून तो शेडमध्ये जाऊन घरी पोचेपर्यंत स्टोव्ह पेटवून जेवण गरम करता यायचं. त्याहून जास्त काही करता यायचं नाही.

आवाज कमी करायची काही सोय असेल तर ती काढून टाक. आणि तुझ्या मनात येईल की इंजिन चालवायचा कंट्रोलर बाबांच्या डाव्या हातात द्यावा. तुला मी ओळखते. तसं काही करायचं नाही. कंट्रोलर माझ्याकडे राहील.

ताई


२० मार्च

ताई,

काय स्मरणशक्ती आहे तुझी! तू लिहिलंस तसं मी कॉम्प्युटरवर बसून आवाज जुळवत गेलो. एका जुन्या इंजिनाच्या शिट्टीचा घोगरेपणा घेतला, दुसरीचा चढ घेतला, आणि शेवटचा उतार हाताने घडवला. “दुसरी पहिलीच्या अंगावर आल्यासारखी” हे वाक्य टेबलासमोर चिकटवून ठेवलं होतं. जमेना, जमेना, आणि एकदम जमलं. बायको आतून हात पुसत पळत आली. तिला वाटलं, दारात खरंच इंजिन आलं.

डिकोडर बसवून झाला आहे. तारांना डाग देताना एकदा बोट भाजून घेतलं, तेवढं चालायचंच. पहिल्यांदा भकभक चाकांच्या मागे पडत होती, म्हातारं माणूस धापा टाकत जिना चढतंय तशी. आकडे बदलून जुळवली. आवाज पूर्ण ठेवलाय आणि सगळ्या सेटिंगला कुलूप घातलंय, म्हणजे कुणी उगीच बटणं दाबली तरी काही बदलणार नाही. कंट्रोलरवरचं लाल बटण शिट्टीचं. दाबायचं आणि सोडायचं, बाकी ती आपली आपण पुरी होते.

पहिल्यांदा वाजवशील तेव्हा मामांचा चेहरा कसा होतो ते मला सविस्तर लिही. एवढीच माझी मजुरी.

तुझा,
खटपट्या


८ एप्रिल

प्रिय खटपट्या,

इंजिन सुखरूप पोचलं. काम चोख आहे. मी स्वयंपाकघरात उभी राहून बटण दाबलं आणि माझ्याच हातातलं भांडं पडलं.

चेहऱ्याचं विचारतोस. बाबा पडल्या पडल्या छताकडे बघत होते. शिट्टी झाल्याबरोबर मान वळली. डोळे भरले. डाव्या हाताने चादर घट्ट धरली ती इंजिन फेरी पुरी करून थांबलं तरी सोडली नाही. माझ्याकडे बघत राहिले. त्यांनी माझ्याकडे इतकं नीट पाहिल्याचं मला आठवत नाही.

आता रोज जेवणाआधी वाजवते. चादर जास्त वेळा बदलावी लागते, पण मला धुण्याचा कंटाळा नाही.

तू मजुरी मागितलीस, ती पोचली असं समज.

ताई


१६ एप्रिल

ताई,

तुझं पत्र बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं. माझ्या मामांना रडू आलं! आयुष्यभर ज्यांनी एवढं अजस्र धूड हाकलं, त्यांना माझ्या नखाएवढ्या पट्टीने रडवलं. याच्यापुढे कुठल्याही गिऱ्हाइकाची वाहवा फिकी आहे.

आता मला राहवत नाही. मला हे डोळ्यांनी बघायचंय. कळवत बसत नाही, एक दिवस दारात येऊन उभाच राहीन. मामांना सांगू नकोस.

तुझा,
खटपट्या


२ मे

ताईस,

मामा आमच्याकडे नीट पोचले. इंजिन, रूळ, कंट्रोलर सगळं मी घेऊन आलो ते तू पाहिलंसच. तू दारातून हललीसुद्धा नाहीस.

त्या दिवशी मला जे दिसलं ते लिहिल्याशिवाय मला चैन पडणार नाही. मी मागच्या दाराने आलो, गंमत करायची म्हणून. तू बटण दाबलंस. तीच शिट्टी, मी केलेली. आणि पलंगावर माझे मामा अंग चोरून भिंतीकडे सरकायला बघत होते. अर्धं अंग सरकत होतं, अर्धं नव्हतं. खोलीत लघवीचा वास. तू ताट आणलंस, त्यांचा हात पोचणार नाही असं स्टुलावर ठेवलंस आणि खुर्ची घेऊन समोर बसलीस. किती वेळ! पंखा जेवणावर सोडून. मग उठून त्यात बोट घातलंस आणि म्हणालीस, “निवलं. आता जेवा.”

तो आनंद नव्हता, ती भीती होती, आणि मी मूर्खासारखा ते पत्र बायकोला वाचून दाखवत होतो. माझ्या हाताने केलेली वस्तू तू यासाठी वापरलीस.

तू माणूस आहेस का?

खटपट्या


११ मे

खटपट्या,

माणूस आहे की नाही ते मला माहीत नाही. काय झालं ते सांगते.

शिट्टी झाली की तू शेडकडे धावायचास. त्यामुळे घरात काय होतं ते तू कधी बघितलं नाहीस. आई आत पळायची ती स्टोव्ह पेटवायला. तो यायचा, हात धुवायचा, बसायचा, आणि जेवायच्या आधी ताटातल्या अन्नाला एक बोट लावायचा. आम्ही दोघी त्या बोटाकडे बघत उभ्या. गरम असलं तर जेवायचा. नसलं तर ताट भिंतीवर आणि मग कमरेचा पट्टा. शेजाऱ्यांना वाटायचं, ड्रायव्हरसाहेब किती प्रेमळ, बायकोला येण्याची वर्दी देतात.

एकदा आई तापाने फणफणली होती. शिट्टी झाली, ती उठू शकली नाही. मी स्टोव्ह पेटवला. तो भडकला, विझला, परत पेटवला. तेवढ्यात तो आला. बोट लावलं. आईला उठवून आत नेलं, रिकामा तवा तापत ठेवला, आणि तापल्यावर तिचा तळवा त्यावर दाबून धरला. माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाला, “याला गरम म्हणतात.” धडा समजावून सांगावा तसा. नंतर मी ताट गरम करून दिलं आणि तो जेवला.

मी त्याला उपाशी ठेवलं नाही. एकदाही हात उचलला नाही. त्याचं अंग पुसलं, पाठीला जखमा होऊ दिल्या नाहीत. फक्त त्याची शिट्टी त्याला ऐकवली आणि त्याचं जेवण निववलं. मी काय करते ते त्याला पहिल्या दिवशी कळलं, म्हणून तो रडला. मी तुला खोटं लिहिलेलं नाही. तू वाचलंस ते तुझं.

न्यायचं तर ने, सांभाळ. मला रिकामी खोली जड होत नाही. पण कंट्रोलर त्याच्या हातात देऊ नकोस.

ताई


६ जून

ताईस,

पत्र वाचून ठेवून दिलं. बायकोला दाखवलेलं नाही, तिला मामांबद्दल उगीच किल्मिष नको.

मामीचा हात स्टोव्हच्या भडक्याने भाजला होता. आईने मला तेव्हाच सांगितलं होतं, आणि आई कशाला खोटं बोलेल? लहान मुलांना गोष्टी भलत्याच दिसतात. आणि समजा, आला असेल एखाद्या दिवशी राग. भट्टीपुढे उभं राहून दिवस काढणाऱ्या माणसाला घरी आल्यावर चार घास गरम हवेसे वाटले, तर तो काय राक्षस झाला?

इथे त्यांचा नूर पालटलाय. व्यायाम शिकवणाऱ्या बाई येतात. डावा हात चांगला वळतो, मान ताठ धरतात, “आ”, “हूं” असे आवाज काढतात. आणि हो, कंट्रोलर मी त्यांना दिलाच. सेटिंगचं कुलूप काढून नव्याने प्रोग्रॅम केलं. आता कुठलंही बटण दाबलं तरी शिट्टीच होते, म्हणजे त्यांची बोटं चुकायला नकोत. पहिल्यांदा स्वतः वाजवली तेव्हा त्यांचा चेहरा बघायला तू हवी होतीस. तो खरा आनंद होता.

जेवणाची वेळ झाली की शिट्टी होते आणि बायको ताट घेऊन धावते. आम्ही सगळे हसतो. घरात जीव आलाय.

खटपट्या


१८ जुलै

ती. ताई यांना,

सा. न. वि. वि. मी तुम्हाला पत्र लिहिते आहे हे ह्यांना ठाऊक नाही. आपली भेट फार वेळा झालेली नाही, तरी लिहिण्यासारखं मला दुसरं कुणी दिसत नाही.

मामा आले तेव्हा मला खरंच बरं वाटलं होतं. सुरुवातीला शिट्टीची गंमत होती. मग ते कधीही वाजवू लागले. पाणी, चहा, उशी, खिडकी. मी बालवाडीत शिकवून घरी येते तेव्हा गल्लीच्या तोंडापासूनच ती ऐकू येते आणि माझे पाय आपोआप भरभर पडतात. मला ते आवडत नाही, पण पडतात.

त्यांना एक सवय आहे. ताट पुढे ठेवलं की आधी त्यात बोट लावतात. मग माझ्याकडे बघतात. मी ह्यांना म्हटलं, मला त्या बघण्याची भीती वाटते. ह्यांचं तोंड उतरलं. मग म्हणाले, “म्हातारं माणूस आहे, जरा गरम वाढत जा, झालं.” तेव्हापासून स्वयंपाक झाला की हे स्वतः येऊन भांड्यांवर हात धरून बघतात.

मागच्या आठवड्यात मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. शिट्टी झाली, परत झाली, होतच राहिली. हे वर आले आणि माझ्यावर ओरडले, “शिट्टी ऐकू येत नाही का?” ताई, लग्नापासून ह्यांनी माझ्यावर आवाज चढवलेला नाही. मी धावत गेले, चहा दिला. मामांनी बोट लावलं आणि कप माझ्या अंगावर भिरकावला. डाव्या हाताचा नेम चांगला बसलाय. मनगट भाजलं. दारात हे उभे होते. मला वाटलं, आता तरी काही बोलतील. हे खाली वाकून कपाचे तुकडे गोळा करायला लागले.

तुमच्याकडे मामा इतके दिवस गप्प होते. हे म्हणतात, ताई त्यांचे हाल करायची. काय करत होतात, ते मला सांगाल का? मी कुणाला सांगणार नाही. मलाही करायचं आहे.

तुमची,
वहिनी


२३ जुलै

प्रिय वहिनी,

मनगट दवाखान्यात दाखव. घरचे उपाय करत बसू नकोस, भाजल्याचे व्रण राहतात.

मी काय करत होते ते तुला सांगणार नाही. ते शिकायचं नसतं. मी ते लहानपणी घरात बघून शिकले, आणि आता मला ते इतकं सहज येतं की त्याचं मला काही वाटतही नाही. तू लहान मुलांना हात धरून गिरवायला शिकवतेस. तेवढंच कर.

शनिवारी मी गाडी घेऊन येते आणि त्याला नेते. त्याचे कपडे बांधून ठेव, बाकी काही नको. इंजिनही नको. मला आता त्याची गरज लागणार नाही. माझ्या घरात नुसतं ताट ठेवल्याचा आवाज त्याला पुरतो.

हे पत्र खटपट्याला वाचायला दे. त्याला नको असेल तर त्याने मला शुक्रवारपर्यंत कळवावं, मी येणार नाही. त्याचं काही आलं नाही तर मी निघाले. आणि यानंतर त्या माणसाचं माझ्याकडे काय चाललंय ते तुम्ही दोघांनीही मला विचारायचं नाही.

ताई


९ ऑगस्ट

ताई,

मी काही कळवलं नाही, आणि तू आलीस.

बायकोचं मनगट भरत आलंय. माझ्याशी कामापुरतं बोलते. काल जेवायला बसली तेव्हा मी मुद्दाम उशिरा गेलो, तिचं सावकाश होऊ दे म्हणून. तिला ते कळलं असावं.

इंजिनातला डिकोडर काढला. एका जागी एक आकडा लिहिला की त्यातलं आपण शिकवलेलं सगळं पुसलं जातं आणि तो कारखान्यातून आला होता तसा होतो. तसं केलं. आता तो एका गिऱ्हाइकाच्या मालगाडीच्या इंजिनात बसवला आहे. त्याची शिट्टी साधी आहे.

तू विचारू नका म्हणालीस, म्हणून विचारत नाही. फक्त एक गोष्ट तुला ठाऊक नाही, ती सांगतो. मामांना उचलून गाडीत ठेवलं तेव्हा तू पुढे बसून दार लावून घेतलं होतंस, तुझी वहिनी तुझ्या खिडकीशी होती. मी मागे त्यांच्या पायावर चादर नीट करत होतो. त्यांनी डाव्या हाताने माझा शर्ट धरला. व्यायामाने त्या हाताला चांगलीच ताकद आली होती. त्यांनी तोंड माझ्या कानाशी आणलं आणि बोलले. झटक्यानंतरचा पहिला शब्द, अगदी स्पष्ट. “नको.”

मी एकेक करून त्यांची बोटं सोडवली. मग मागचं दार लावलं आणि गाडीवाल्याला म्हटलं, “चला.”

खटपट्या